डीला धक्का लागत नाही

बायको गेल्यावर आठ महिने मी तिच्या कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. त्यावर तिनंच शिवलेलं कापडी आच्छादन होतं, मागच्या बाजूला एका टाचणीनं आवळलेलं. ती टाचणीसुद्धा मी काढली नव्हती.

आमचं शिवणकामाचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. मी कापायचो आणि शिवायचो, ती साचे काढायची. साचा म्हणजे कपड्याच्या प्रत्येक तुकड्याचा आकार. पुढची बाजू, पाठ, बाही, कॉलर, सगळं वेगवेगळं. साचा बरोबर असेल तर शिवणं हे हमालाचं काम आहे. हे मी आता म्हणतो. तेव्हा म्हणत नव्हतो.

आमच्याकडे येणारी माणसं वेगळी होती. ज्यांना दुकानातले तयार कपडे बसत नाहीत अशी. कुणाचा एक खांदा खाली, कुणाचा हात कोपरापासून नाही, कुणी चाकाच्या खुर्चीत. त्यांची मापं हीच घ्यायची, पडदा लावून. आत काय बोलायची कुणास ठाऊक, पण रडवेल्या तोंडानं आत गेलेली बाई हसत बाहेर यायची.

पूर्वी ती साचे कागदावर काढायची. त्यांची भेंडोळी दुकानभर. कपाटावर, टेबलाखाली, जिन्यावर. एकदा एक भेंडोळं माझ्या पायाखाली आलं आणि मी इस्त्रीसकट पडलो. मी म्हटलं, "एक तर ही भेंडोळी राहतील, नाही तर मी."

ती म्हणाली, "विचार करून सांगते."

मग वयाच्या बावन्नाव्या वर्षी ती कॉम्प्युटर शिकायला जायला लागली. साचे काढायचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम तिनं शोधला आणि दोन वर्षं रोज दुपारी बसून एकेक भेंडोळं त्यात उतरवलं. दोनशे बारा साचे. उतरवून झालं की कागद रद्दीत. शेवटचं भेंडोळं रद्दीवाल्याच्या पोत्यात गेलं तेव्हा मी हात झटकले आणि म्हटलं, "चला, दुकान मोकळं झालं." त्या कॉम्प्युटरला मी तिचा व्हिडिओ गेम म्हणायचो.

ते साचे ती कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये ठेवायची. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "बाई, महत्त्वाचं सगळं डी मध्ये ठेवा. सी कधी ना कधी बसतो, पुसून पुन्हा विंडोज टाकावं लागतं. डीला धक्का लागत नाही." आणि खरंच, सी दोनदा बसला. दोन्ही वेळा त्यानं विंडोज नव्यानं टाकलं आणि दोन्ही वेळा डी जसाच्या तसा. ती मला बोलावून दाखवायची, "अहो, बघा, सगळं आहे." मी मान वर न करता म्हणायचो, "असणारच. डी मध्ये आहे ना."

कॉम्प्युटरबद्दल मला एवढी एकच गोष्ट ठाऊक होती आणि ती मी घट्ट धरून ठेवली होती.

महिन्याच्या पाच तारखेला ग्रंथालयातली मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशीची असेल. तिच्या पाठीचा कणा लहानपणापासून वळलेला आहे. हिनं तिला एक तपकिरी कोट काढून दिला होता, तो घातला की रस्त्यावरच्या माणसाच्या लक्षातही येत नसे. तोच कोट अंगावर होता. कोपरं झिजून चकाकत होती.

"काका, मला नवा हवाय. पहिल्या तारखेपासून मोठ्या ग्रंथालयात जायचंय. काळा चालेल."

मी सवयीनं टेप गळ्यातून काढला. ती एक पाऊल मागे सरकली.

"माप काकूंकडे आहे," ती म्हणाली. "म्हणजे... होतं. त्या म्हणाल्या होत्या, एकदाच घेऊ, नीट घेऊ, मग पुन्हा कुणापुढे पाठ उघडी करून उभं राहायला नको. साचा माझ्याकडे कायम राहील, म्हणाल्या होत्या."

"आहे ना," मी म्हटलं. "डी मध्ये आहे. काळजी करू नकोस."

ती गेल्यावर मी टाचणी काढली.

कॉम्प्युटर सुरू झाला खरा, पण घरघर करत. पडदा यायला वीस मिनिटं. तिच्या प्रोग्रॅमवर टिचकी मारली की सगळंच गोठायचं. तीन दिवस हे केलं आणि मग मुलाला फोन लावला. आमचा एकुलता एक. दुसऱ्या शहरात असतो, कॉम्प्युटरचंच काम करतो.

"बाबा, तो डबा म्हातारा झालाय. त्याला विंडोज झेपत नाही आता. मी मागे पेन ड्राइव्ह ठेवून गेलो होतो बघा, लाल रंगाचा. त्यात लिनक्स आहे, विंडोजच्या जागी चालतं. ते टाका, पळायला लागेल."

"आणि आईचा प्रोग्रॅम?"

"तो लिनक्सवरही मिळतो. फुकट आहे."

रविवारी सकाळी त्यानं फोनवरून मला एकेक पायरी सांगितली. त्याच्या मागे माणसं बोलत होती, भांडी वाजत होती. मी चष्मा लावून वाचायचो, तो म्हणायचा, "हां, पुढे." मध्येच त्यानं विचारलं, "बॅकअप घेतलाय ना?"

मी म्हटलं, "सगळं डी मध्ये आहे."

"बरं," तो म्हणाला.

मग पडद्यावर पर्याय आले. तो म्हणाला, "डिस्क पुसून टाका, असं असेल ते निवडा." मी निवडलं. खाली इशारा आला, या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. मी वाचून दाखवला.

"सगळं म्हणजे?" मी विचारलं.

"विंडोज हो. ते काढायचंच आहे ना आपल्याला. पुढे."

मी बटण दाबलं. माझ्याच बोटानं दाबलं, हे आधीच सांगून टाकतो.

कॉम्प्युटर खरंच पळायला लागला. पंखा गप्प झाला. पडदा मात्र ओळखू येईना. कोपऱ्यातलं बटण गेलं, पडद्यावरची तिची छोटी चित्रं गेली. सगळं नवं कोरं, भाड्यानं दिलेल्या खोलीसारखं. मी डी शोधला. सापडला नाही. संध्याकाळी मुलाला फोन केला.

"बाबा, लिनक्समध्ये सी, डी असं नसतं. सगळं एकाच झाडाला लटकलेलं असतं."

"मग आईचे साचे कुठल्या फांदीवर आहेत?"

तो उठून बाहेर गेला असावा, दार लागल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "तुम्ही आधी प्रोग्रॅम टाका. प्रोग्रॅमशिवाय त्या फाइली दिसून उपयोग काय? मग बघू."

मला ते पटलं. मशीन नसताना कापड काढून काय करणार? मी प्रोग्रॅमच्या मागे लागलो.

हिला प्रोग्रॅम टाकताना मी दोन-तीनदा बघितलं होतं. साइटवर जायचं, डाउनलोड करायचं, फाइलवर दोन टिचक्या, मग नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. मी तसंच केलं. फाइल आली. दोन टिचक्या मारल्या. एक खिडकी उघडली, त्यात अगम्य नावांची यादी. नेक्स्ट कुठेच नाही. मला वाटलं, फाइल खराब आली. पुन्हा उतरवली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दुसऱ्या साइटवरून उतरवली. त्या फायलीच्या नावातच शेवटी डॉट ईएक्सई होतं आणि ते फक्त विंडोजला कळतं, हे मला कोण सांगणार?

मग कुठेतरी वाचलं की विंडोजचं सोंग घेणारा एक प्रोग्रॅम मिळतो. तोही उतरवायला लागलो. तो अर्ध्यात अडकला. मग एक गाठोडं उतरवलं, ते सोडलं तर आत नुसता प्रोग्रॅमचा कच्चा माल, लिहिलेलं की स्वतः शिवून घ्या. असं आठ-दहा दिवस चाललं. रोज दुपारी, ती बसायची त्याच वेळेला, त्याच खुर्चीत. गिऱ्हाईक आलं तर उद्या या म्हणायचो.

मुलगा दर दोन दिवसांनी फोन करायचा. पूर्वी महिन्यातून एकदा करायचा. मला बरं वाटायचं.

"झाला का प्रोग्रॅम?"

"नाही रे. अक्कल चालत नाही माझी."

"राहू द्या हो बाबा, जमत नसेल तर. एवढं काय अडलंय."

"अडलंय. त्या मुलीला शब्द दिलाय."

"हं," तो म्हणायचा.

शेवटी मी समोरच्या छपाईवालीकडे गेलो. हिचे साचे मोठ्या कागदावर तीच छापून द्यायची. पन्नाशीची बाई, तोंडानं फटकळ, केसात कायम पेन खोचलेलं. तिच्या यंत्राला जोडलेल्या कॉम्प्युटरवरही लिनक्सच आहे, हे मला तिनंच सांगितलं.

"मास्तर, तुम्ही बाजारभर हिंडून पिशवीत काय भरताय?" माझी डाउनलोडची यादी ऐकून ती म्हणाली. "इथे तसं नसतं. इथे एक कोठार आहे. कोठाराला नाव सांगायचं, ते माल आणून देतं, लावून देतं. तुम्ही फक्त दार उघडायचं."

"दार कसं उघडायचं?"

"पासवर्डनं. या, दाखवते. पण मला सारखं उठवू नका, शंभर पोस्टर वाळत घातलीयत."

ती दुकानात आली आणि हिच्या खुर्चीत न बसता उभ्यानंच काळी खिडकी उघडून दिली. "लिहा. सुडो. स्पेस. आप्ट. स्पेस. इन्स्टॉल. स्पेस. प्रोग्रॅमचं नाव, सगळी अक्षरं लहान."

मी लिहिलं. त्यानं पासवर्ड मागितला. मी टाइप करायला लागलो. पडद्यावर काहीच उमटेना. ना अक्षर, ना ठिपका.

"कीबोर्ड गेला," मी म्हटलं.

"गेला नाही. तो लिहिलेलं दाखवत नाही. न बघता लिहा आणि एंटर मारा."

"न बघता लिहिलेलं बरोबर आहे हे कळणार कसं?"

"चुकलं तर तो सांगेल. बरोबर असेल तर काही बोलणार नाही." मग ती म्हणाली, "तुमच्यासारखाच आहे की. वहिनी सांगायच्या."

"काय सांगायची?"

"हेच. काम बरोबर झालं की आमचे हे गप्प. चुकलं की दुकान डोक्यावर."

मी एंटर मारला. त्यानं सांगितलं, असा प्रोग्रॅम सापडत नाही. मी नावात एक अक्षर मोठं लिहिलं होतं. पुन्हा लिहिलं. आता म्हणाला, कोठार दुसऱ्या कुणीतरी अडवून ठेवलंय. छपाईवालीनं कपाळावर हात मारला. कॉम्प्युटर मागच्या मागे स्वतःची डागडुजी करत होता, भलंमोठं काहीतरी उतरवून घेत होता. "होऊ दे त्याचं. किती दिवसांचं साठलंय." दोन तास गेले. ती पोस्टर उलटवून आली. मग मी तिसऱ्यांदा तेच लिहिलं, आणि त्यानं विचारलं, एवढी जागा लागेल, चालेल का? मी वाय दाबलं. ओळीमागून ओळी वर सरकत गेल्या. मी एकही वाचली नाही. शेवटी सगळं थांबलं आणि कर्सरचा ठोकळा उघडझाप करत बसला.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. बोलला का काही? नाही ना? मग झालं."

यादीत हिच्या प्रोग्रॅमचं चित्र आलं होतं. मी टिचकी मारली. तीच करडी खिडकी, तेच पातळ चौकोन, डाव्या बाजूला तीच कात्री आणि पट्टी. हिच्या खांद्यावरून मी किती वेळा बघितलं असेल ते. बावीस तारीख होती. कोट शिवायला आठवडा पुरला असता.

"उघडा," छपाईवाली म्हणाली. तीही आता वाकून बघत होती.

मी ‘उघडा’वर टिचकी मारली. आत काही नव्हतं.

"डी कुठे असतो इथे?" मी विचारलं.

"कसला डी?"

मी सांगितलं. सी, डी, दुरुस्तीवाला, लाल पेन ड्राइव्ह, रविवार. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत होता. तिनं मला बाजूला केलं, या वेळी खुर्चीत बसली, आणि दोन-तीन गोष्टी उघडून बघितल्या. मग केसातलं पेन काढून टेबलावर ठेवलं.

"मास्तर, सी आणि डी या दोन डिस्क नव्हत्या. एकाच डिस्कचे दोन कप्पे होते. दुरुस्तीवाला एक कप्पा पुसायचा. तुम्ही आख्खं कपाट पुसलंत."

"पण डीला धक्का..."

"लागला."

मी विचारलं, तिच्याकडे काही असेल का. इतके साचे छापले तिनं. ती म्हणाली, "छापून झालं की पुसते हो. लोकांची मापं असतात. वहिनींनीच सांगितलं होतं, एकही ठेवू नकोस." आणि मग जे बोलली ते बोलली नसती तर बरं झालं असतं. पण ती तशी बाई नाही. "पुसलं म्हणजे लगेच जात नाही. वरचं लेबल जातं, आतला माल तसाच असतो. त्याच दिवशी बंद करून आणला असता तर निम्मेअधिक काढता आले असते. माझा भाचा करतो ते काम. पण त्यानंतर त्यावर काही उतरवलं की ते त्या जागेवर जाऊन बसतं."

"मी दहा दिवस उतरवतोय," मी म्हटलं.

उठताना तिनं माझ्या खांद्याला हात लावला आणि पोस्टर बघायला गेली. भाच्यानं दोन दिवस ठेवून घेतला कॉम्प्युटर. त्याला अकरा साच्यांची नावं सापडली. आत काहीच नाही. नावं एका कागदावर लिहून दिली. अक्षर चांगलं होतं त्याचं.

मी मुलाला फोन केला. दुपारचे तीन वाजले होते, तो कामावर होता. तरी उचलला.

"डी नाही," मी म्हटलं.

‘कसला डी’ असं त्यानं विचारलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"बाबा..."

"कधीपासून?"

"तुम्ही संध्याकाळी फोन केलात ना, डी कुठे आहे म्हणून. तेव्हाच."

"त्याच दिवशी?"

"मला वाटलं, तुम्ही कॉपी घेतलीय. मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, सगळं डी मध्ये आहे. मी समजलो, दुसरीकडे कुठे आहे. माझ्या घरी पाहुणे होते, माझं अर्धं लक्ष..."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार होतो? तुम्ही इतक्या दिवसांनी काहीतरी करायला घेतलं होतं. म्हटलं, प्रोग्रॅम काही तुम्हाला जमायचा नाही. कंटाळून सोडून द्याल. मग विषयच निघणार नाही."

जमणार नाही, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. जमत नसेल तर राहू द्या, हे तो काळजीनं म्हणतोय असं मला वाटत होतं. दर दोन दिवसांनी फोन यायचा तो यासाठी.

"बंद करून ठेवा, एवढं म्हणाला असतास," मी म्हटलं. "कारण सांगितलं नसतंस तरी चाललं असतं. निम्मे निघाले असते."

"मला सुचलं नाही हो."

"तू हेच काम करतोस ना रे?"

तो रडायला लागला. मी ऐकत राहिलो. आईच्या वेळी तो रडला तेव्हा मी त्याला जवळ घेतलं होतं. आता मी फोन टेबलावर ठेवला आणि दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढायला गेलो. परत आलो तेव्हा फोन बंद झाला होता.

बटण मी दाबलं हे खरं. भेंडोळी मी रद्दीत घालायला लावली हेही खरं. रागवायला मला तोंड नव्हतं, आणि राग तर होता.

शनिवारी ग्रंथालयातली मुलगी आली. मी तिला सगळं सांगितलं. खोटं बोलायची ताकद नव्हती. ती स्टुलावर बसली आणि हातमोज्यांची बोटं ओढत राहिली.

"म्हणजे पुन्हा माप द्यावं लागेल," ती म्हणाली.

"नाही. हा कोट दे मला."

"हा? काका, माझ्याकडे दुसरा नाही."

"सोमवारी देतो. माझी शाल ने तोवर. कोट उसवला की तुकडे सपाट होतात. तुकडे सपाट झाले की तोच साचा."

तिनं पाठ भिंतीकडे करून कोट काढला. मी दुसरीकडे बघितलं. ती शाल घट्ट गुंडाळून गेली. जे पुन्हा करावं लागणार नाही असं वचन हिनं त्या मुलीला दिलं होतं, त्यातलं अर्धं तिला माझ्या दुकानात करायला लागलं.

रविवारी मी कोट उसवला. माझीच शिलाई, मीच घातलेले टाके. एकेक टाका वर काढून कापत गेलो. तुकडे इस्त्री करून कागदावर मांडले तेव्हा पहिल्यांदा कळलं हिनं काय केलं होतं. पाठीचा उजवा तुकडा डाव्याहून दोन बोटं रुंद. एक जास्तीची चीर, ती शिवणीत अशी लपवलेली की मी शिवतानाही मला ती साधी शिवण वाटली होती. तेव्हा तिनं सांगितलं होतं, "इथे सैल सोडा, ओढू नका." का, ते मी विचारलं नव्हतं.

ते तुकडे मोजून मी प्रोग्रॅममध्ये उतरवले. एका तुकड्याला तास लागला. सोमवारी जुना कोट पुन्हा शिवून दिला आणि तीस तारखेला काळा. मुलीनं आरशात बघितलं. डाव्या खांद्याखाली एक घडी पडत होती. जुन्या कोटाचं कापड चार वर्षांत ताणलं होतं, त्याचा हिशोब मला लावता आला नव्हता. हिला आला असता.

"छान झालाय, काका," ती म्हणाली. घडीवरून तिनं दोनदा हात फिरवला.

"पुढच्या आठवड्यात ये. ती घडी काढतो."

"नको, राहू दे," ती म्हणाली. ती आली नाही.

प्रोग्रॅममध्ये एक तरी साचा झाला. एक फाइल कॉम्प्युटरवर, एक पेन ड्राइव्हमध्ये, एक छपाईवालीकडे, आणि कागदही कपाटावर ठेवलाय गुंडाळून. मी जुन्या गिऱ्हाइकांना निरोप पाठवले, कपडे घेऊन या म्हणून. चौघे आले. काहींनी कपडे टाकून दिले होते. दोघांच्या घरच्यांनी कळवलं की आता गरज नाही.

मग राहिला हिचा निळा शर्ट.

छातीच्या ऑपरेशननंतर, डावी बाजू काढून टाकल्यावर, हिनं स्वतःसाठी एक साचा काढला होता. शर्ट घातला की दोन्ही बाजू सारख्या दिसायच्या, आत काही न भरता. मी शिवला. शिवून होत आला तेव्हा ती म्हणाली होती, "कसं जमवलं, विचारणार नाही का?" मी म्हटलं होतं, "कुठे कापायचं ते सांग, कापतो." ती हसली होती. मला तेव्हा ते हसणंच वाटलं.

तिच्यासारख्या बायका येतात दुकानात. मागच्या महिन्यात एक आली, परवा दुसरी. "बाईंनी स्वतःसाठी केला होता म्हणे तसा," असं म्हणतात. तो साचा डी मध्ये होता. आता तो त्या शर्टातच आहे.

मी शर्ट कपाटातून काढला, तीनदा परत ठेवला. मंगळवारी दुपारी काखेतल्या शिवणीपासून उसवायला घेतला. काखेतूनच सुरुवात करायची असते. फोन वाजला, मुलाचा होता. उचलला.

"बाबा, काय करताय?"

"उसवतोय."

"काय?"

"आईचा शर्ट."

मग तो म्हणाला, "मी येऊ का?"

"येऊन काय करणार?" मी म्हटलं, आणि ठेवला.

सगळे तुकडे सपाट करून मांडले. उजवी बाजू कळली. बाह्या कळल्या, कॉलर कळली. डाव्या बाजूचे तीन तुकडे आहेत आणि त्यात एक टोक असं वळवलंय की ते तिथे का आहे, हे मला काही केल्या लागत नाही. मी ते मोजून जसंच्या तसं उतरवलं. त्यावरून त्या दोन बायकांपैकी एकीला शिवून दिला, तर तो डावीकडे फुगला. आकार हिच्या अंगाचा होता, दुसरीच्या अंगाला कसा फिरवायचा ते हिच्या डोक्यात होतं.

निळे तुकडे अजून टेबलावरच आहेत. शिवायला तासभरही लागायचा नाही. पण शिवला की घालून बघावा लागतो, आणि घालून बघायला कुणी नाही.